पार्किंगमध्ये बॅटन वाढवले तरी अंधार जात नाही? आधी वर स्लॅब बघा

"दादा, पार्किंगमध्ये लय अंधार पडतो, अजून चार-सहा बॅटन लावून द्या." दिवाळीच्या आधी मला येणाऱ्या फोनांपैकी बरेच याच वाक्याने सुरू होतात. बॅटन, म्हणजे लांबट पट्टीचे एलईडी दिवे, लागतात, आठ दिवस सगळे खूश असतात. मग कुणाची तरी गाडी कॉलमला घासते, कॉमन मीटरचं बिल वाढून येतं आणि सहा महिन्यांनी त्याच सोसायटीतून तोच फोन परत येतो. मी नाशिकमध्ये सोसायट्यांची आणि कॉम्प्लेक्सची वायरिंगची कामं करतो. ही तक्रार इतक्या वेळा परत आलेली पाहिली आहे, की आता मी बॅटनचा आकडा ऐकण्याआधी एकच गोष्ट विचारतो: वर बीम दिसतात की सपाट स्लॅब आहे?

बॅटनमधून निघालेला उजेड जमिनीपर्यंत पोचेल की छतातच अडकेल, हे काँक्रीटचा आकार ठरवतो. सिडको-इंदिरानगरच्या इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग (खांबांवर उभ्या इमारतीखालची मोकळी जागा), गंगापूर रोडवरच्या टॉवरचं पोडियम (टॉवरच्या पायथ्याचे पार्किंगचे मजले) आणि कॉलेज रोडवरच्या कॉम्प्लेक्सचं बेसमेंट, या तिन्ही जागी तोच २० वॅटचा बॅटन तीन वेगळ्या तऱ्हेने वागतो. म्हणून दुरुस्तीही तिन्हीकडे वेगळी.

पण त्याआधी मोजमाप. "अंधार वाटतो" यावर काम करू नका. लक्समीटर, म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजणारं यंत्र, फार महाग नसतो. सोसायटीने एक घेऊन ठेवला तरी चालेल. मोबाइलच्या अ‍ॅपवर खऱ्या आकड्यासाठी विसंबू नका, पण "इथे जास्त, तिथे कमी" एवढं कळायला ते पुरतं. रात्री, रस्त्यावरचा उजेड कमी असताना, दिवे लावून पंधरा मिनिटं होऊ द्या. मग खडूने जमिनीवर दोन-दोन मीटरवर खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर मीटर जमिनीवर ठेवून आकडा लिहा. आपली सावली मीटरवर पडता कामा नये. शेवटी दीड मीटर उंचीवर, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याच्या पातळीला, मीटर उभा धरून काही आकडे घ्या. समोरून येणारा माणूस ओळखू येतो की नाही ते या उभ्या आकड्यावरून कळतं. रात्री उशिरा कामावरून एकटीने घरी येणाऱ्या ताईंना विचारा, त्यांच्या दृष्टीने हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

तुलना कशाशी करायची? अमेरिकेतल्या प्रकाश अभियंत्यांच्या संस्थेने बंदिस्त पार्किंगसाठी दिलेला निकष मला कामाला सोपा वाटतो: जमिनीवर कुठेही १० लक्सपेक्षा कमी नको, चेहऱ्याच्या पातळीला ५ लक्सपेक्षा कमी नको आणि सगळ्यात उजळ जागा सगळ्यात अंधाऱ्या जागेच्या दहापटीपेक्षा जास्त उजळ नको. युरोपचं मानक आणखी कडक आहे, तिथे पार्किंगच्या जागेत सरासरी ७५ लक्स धरतात. आपल्या सोसायटीच्या स्टिल्टला सरासरी ३५-४० लक्स आणि नीट पसरलेला उजेड मिळाला तर बहुतेक लोकांची तक्रार थांबते, हा माझा अनुभव. भर "नीट पसरलेला" या शब्दांवर आहे. एका ठिकाणी ११० आणि चार पावलांवर ४ असेल, तर डोळा ११० ला सरावतो आणि ४ लक्सची जागा काळीकुट्ट दिसते. त्या काळ्या पट्ट्यात नेमका गाडी अडवायचा काँक्रीटचा ठोकळा असतो. पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत अशाच ठोकळ्याला अडखळून एक आजी पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. तेव्हा त्या पार्किंगमध्ये ३६ बॅटन जळत होते.

बीम असलेलं स्टिल्ट पार्किंग

त्या सोसायटीचंच उदाहरण घेतो, कारण नाशिकमधल्या जुन्या-नव्या शेकडो इमारती अशाच आहेत. पार्किंग ३० मीटर लांब, १८ मीटर रुंद. स्लॅब जमिनीपासून ३ मीटरवर. दर साडेचार मीटरला एक बीम आणि तो स्लॅबच्या खाली ४५ सेंटिमीटर उतरलेला. जुन्या वाड्यांत दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात. तोच शब्द इथे चपखल बसतो. प्रत्येक खण म्हणजे पालथी घातलेली पेटी, आणि बॅटन त्या पेटीत.

इलेक्ट्रिशियनने बॅटन कुठे लावले होते? बीमच्या शेजारी, बीमपासून जेमतेम फूटभर. कारण पाइप बीमच्या कडेने आला होता आणि तिथून वायर काढणं सोपं होतं. नंतर वाढवलेले काही बॅटन तर सरळ बीमच्या अंगावर ठोकले होते. त्यांचा निम्मा उजेड बीमवरच आदळत होता.

याचा हिशोब कागदावर मांडून बघा. बॅटन स्लॅबला लागून, म्हणजे जमिनीपासून २.९५ मीटरवर. बीमचा तळ २.५५ मीटरवर. दोघांत ४० सेंटिमीटरचा फरक. बॅटन बीमपासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर बीमच्या तळाला चाटून जाणारा किरण जमिनीवर बॅटनपासून साधारण २.२ मीटरवर पडतो. म्हणजे बीमच्या पलीकडे फक्त १.९ मीटर उजेड, पुढे सावली. चेहऱ्याच्या पातळीला तर स्थिती आणखी वाईट: तिथे तोच किरण बीमपलीकडे जेमतेम ८० सेंटिमीटर जातो. आता तोच बॅटन खणाच्या मधोमध, बीमपासून २.२५ मीटरवर सरकवा. तोच किरण जमिनीवर सोळा मीटरच्याही पुढे जातो. म्हणजे बीमची अडचण जवळजवळ संपली. एक रुपयाचाही नवा दिवा न घेता.

म्हणून पहिली दुरुस्ती: बॅटन खणाच्या मध्यावर आणा. बीमच्या तळाखाली लोंबकळवले तर सावली पूर्णच जाते, असं कुणी सुचवेल. ते खरं आहे, पण आपल्या स्टिल्टमध्ये उंची कमी असते, एसयूव्हीच्या कॅरियरला फिटिंग लागतं आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यात उजेड थेट जातो. उंच पार्किंग असेल तरच तो मार्ग घ्या.

दुसरी दुरुस्ती: गाड्यांच्या टपावर उजेड पाडू नका. उभ्या गाडीच्या टपावर पडलेला उजेड वाया जातो आणि दोन गाड्यांमधली फट काळी राहते. बॅटनची रांग ये-जा करायच्या मार्गाच्या दोन्ही कडांवर, उभ्या गाड्यांच्या मागच्या टोकाच्या वर असावी. तिथून उजेड मार्गावरही पडतो आणि गाड्यांच्या मधल्या फटीतही शिरतो. बॅटनची लांबी गाडी जाण्याच्या दिशेला समांतर ठेवा, म्हणजे समोरून येणाऱ्याला दिव्याचं फक्त टोक दिसतं, डोळे दिपत नाहीत.

तिसरी दुरुस्ती रंगाची, आणि मी तिच्यावर सगळ्यात जास्त जोर देतो. कोऱ्या काँक्रीटवर पडलेल्या उजेडापैकी फार तर २५-३० टक्के परत येतो. धुराने काळवंडलेल्या छतावरून त्याहूनही कमी. पांढऱ्या रंगावरून ७०-८० टक्के. खणाची पेटी आतून काळी असेल तर ती उजेड गिळते, पांढरी असेल तर परत खाली फेकते. स्लॅबचा तळ, बीमच्या दोन्ही बाजू आणि बीमचा तळ, सगळं पांढरं करा. कॉलम आणि भिंती वरून पांढऱ्या, खालचा मीटरभर पट्टा पिवळा-काळा, म्हणजे धूळ दिसत नाही आणि रिव्हर्स घेताना कॉलम कळतो. रंग चकचकीत नको, मॅट घ्या. ऑइलपेंटवर दिव्यांची प्रतिबिंबं उमटतात. ओल येत असेल तर आधी ती बंद करा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे गाडीवर पडतील.

हा क्रम उलटा करू नका. आधी रंग, मग मोजमाप, मग फिटिंग. लोक आधी बॅटन घेतात, पैसे संपतात आणि रंग "पुढच्या वर्षी" जातो.

इथेच आणखी एक जुना घोळ सांगायला हवा. बऱ्याच सोसायट्यांनी ३६ वॅटच्या ट्यूब काढून एलईडी ट्यूब बसवल्या, आणि मग "एलईडीचा उजेड कमी पडतो" अशी तक्रार सुरू झाली. जुनी ट्यूब चारी बाजूंना उजेड टाकायची. वर गेलेला उजेड स्लॅबवरून परत यायचा. एलईडी ट्यूब फक्त खाली टाकते. छत अंधारात गेलं, पार्किंग गुहेसारखं वाटायला लागलं. खाली मोजलं तर आकडा फारसा कमी नसतो, पण माणसाला जागा उजळ वाटायला भिंती आणि छतही उजळ दिसावं लागतं. अशा ठिकाणी पांढरा रंग आणि दुधी कव्हर असलेला, बाजूंनाही उजेड टाकणारा बॅटन, दोन्ही हवेत. आणि ट्यूब बदलताना जुना चोक सर्किटमध्ये तसाच ठेवला असेल तर तो काढून टाका. जुन्या चोकवर ३६ वॅटची ट्यूब प्रत्यक्षात ४५-५० वॅट खायची. एलईडी लावूनही तो चोक मध्ये बसून काही वॅट खात राहतो.

पाथर्डी फाट्याच्या त्या सोसायटीत शेवटी काय झालं? ३६ बॅटनवर सरासरी साधारण ३२ लक्स होती, सगळ्यात कमी ४, सगळ्यात जास्त ११०. रंग केला, १२ बॅटन काढून टाकले, उरलेले २४ खणांच्या मध्यावर आणि मार्गाच्या कडांवर आणले. सरासरी ३८ झाली, सगळ्यात कमी १५, सगळ्यात जास्त ८५. कमी दिव्यांत जास्त उजेड. त्यांचे चेअरमन काका पहिल्या रात्री आकडे बघून म्हणाले, "परत मोज रे." परत मोजले, आकडे तेच आले.

बेसमेंट

कॉम्प्लेक्सच्या बेसमेंटमध्ये बहुतेक वेळा सपाट स्लॅब असतो, कॉलमच्या डोक्यावर थोडा जाड केलेला. बीम नाहीत, म्हणून उजेड मोकळा पसरतो आणि कमी दिव्यांत काम भागतं. इथल्या तक्रारी वेगळ्याच असतात.

सगळ्यात मोठी तक्रार रॅम्पची, आणि तीही भर दुपारची. लोकांना वाटतं रॅम्पवर रात्री जास्त उजेड हवा. उलट आहे. मे महिन्यात दुपारी बाहेर एक लाख लक्सच्या आसपास ऊन असतं. त्या उन्हातून उतरून ५० लक्सच्या बेसमेंटमध्ये शिरलं, की डोळ्यांना काही सेकंद काहीच दिसत नाही, आणि त्याच काही सेकंदांत गाडी वळणावर पोचलेली असते. युरोपच्या मानकात रॅम्पला दिवसा ३०० लक्स आणि रात्री ७५ सांगितले आहेत, ते याचसाठी. मी पाहिलेल्या बहुतेक कॉम्प्लेक्समध्ये वॉचमन सकाळी सात वाजता रॅम्पचे दिवे बंद करतो, "दिवसा कशाला?" म्हणून. त्याला दोष नाही, कुणी सांगितलेलंच नसतं. रॅम्पला वेगळं सर्किट आणि उलटा टायमर लावा: दिवसा सगळे दिवे, रात्री निम्मे. रॅम्पच्या पायथ्याच्या पहिल्या आठ-दहा मीटरला भिंतींवर पांढरा रंग आणि दाट फिटिंग. पुढे हळूहळू कमी.

दुसरी तक्रार पाण्याची. नाशिकचा खडक काळा पाषाण. बेसमेंट त्यात खोदलेलं असतं आणि पावसाळ्यात खडकाच्या भेगांतून पाणी भिंतीला येऊन टेकतं. जून-जुलैत अर्थलीकेज स्विच (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा) ट्रिप व्हायला लागतो, ते बहुतेक वेळा एखाद्या जंक्शन बॉक्समध्ये शिरलेल्या पाण्यामुळे. एक-एक सर्किटचा एमसीबी बंद करून बघा, कोणत्या सर्किटवर ट्रिप होतं ते सापडतं. मग त्या ओळीतले बॉक्स उघडा. भिंतीवरचे फिटिंग आयपी ६५ चे, म्हणजे धूळ-पाणी आत न जाऊ देणारे, घ्या आणि केबल खालून आत घ्या, वरून नको. वरून घेतलेल्या केबलच्या अंगावरून पाणी सरळ दिव्याच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागात, उतरतं. ट्रिप थांबत नाही म्हणून अर्थलीकेज स्विच बायपास करून ठेवलेला मी दोन ठिकाणी पाहिला. असं कधीही करू नका. ओल्या जमिनीवर उभ्या माणसाचा जीव त्या स्विचवर असतो. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पोडियम आणि बाकीचे

पोडियमच्या बाजू उघड्या किंवा जाळीच्या असतात. दिवसा बाहेरच्या दोन रांगांना भरपूर उजेड येतो आणि आतल्या भागात मिट्ट अंधार. पण सगळ्या दिव्यांना एकच स्विच असतो, म्हणून आतल्यासाठी बाहेरचेही दिवसभर जळतात. बाहेरची रांग वेगळ्या सर्किटवर काढा आणि तिला उजेडावर चालणारा सेन्सर लावा. सेन्सर जाळीकडे तोंड करून, पण दिव्याचा स्वतःचा उजेड त्यावर पडणार नाही असा बसवा, नाहीतर संध्याकाळभर दिवे चालू-बंद होत राहतील.

काही मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये खाली चौकोनी खळगे असलेला वॅफल स्लॅब असतो. खळग्याच्या आत लावलेला दिवा खाली गोल डाग पाडतो आणि बाजूला काहीच देत नाही. तिथे फिटिंग खळग्यात नको, बरगडीच्या तळाच्या पातळीला आणा आणि खळगे आतून पांढरे करा. अमेरिकेत दुहेरी बरगड्यांच्या तयार काँक्रीटच्या पट्ट्या जोडून पार्किंग बांधतात, तिथेही बरगड्यांमधल्या अरुंद नळीत दिवे अडकतात आणि नियम तोच. यांत्रिक पार्किंगमध्ये खालच्या पॅलेटवर वरच्या गाडीची सावली पडते. छतावरचे दिवे कितीही वाढवा, उपयोग नाही. उभ्या खांबांवर, बाजूने उजेड द्यावा लागतो.

बॅटन सारखे जळतात तेव्हा

एका रात्रीत एकाच ओळीतले पाच-सहा बॅटन गेले, तर बॅटनला दोष देऊ नका. तीन फेजच्या पॅनेलमधला न्यूट्रल सैल झालेला असतो. न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवरच्या दिव्यांना २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास मिळू शकतात. पॅनेल बंद करून न्यूट्रलचे सगळे जोड आवळून घ्या, काळा पडलेला लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) बदला. नवे बॅटन लावायच्या आधी हे करा, नाहीतर तेही जातील. महिन्याला एखाद-दुसरा जात असेल तर कारण उष्णता किंवा ओल.  स्विच बंद केल्यावरही बॅटन अंधुक जळत राहतो, तेव्हा स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसलेला आहे का ते आधी तपासा.

सेन्सर

सेन्सर शेवटी लावा. दिव्यांची जागा चुकीची असताना सेन्सर लावला, की अंधारात आणखी अंधार होतो आणि लोक आठवडाभरात तो काढायला लावतात.

पूर्ण बंद होणारे सेन्सर पार्किंगमध्ये नकोत. माणूस नसताना २०-२५ टक्क्यांवर उतरणारे घ्या. अंधाऱ्या पार्किंगमध्ये पहिलं पाऊल टाकायला कुणीही घाबरतो, आणि कॅमेऱ्यालाही काही दिसत नाही. शरीराच्या उष्णतेवर चालणारा सेन्सर आडवं चालणाऱ्याला चटकन पकडतो, थेट समोरून येणाऱ्याला उशिरा. तापलेल्या काँक्रीटखाली एप्रिल-मेच्या संध्याकाळी त्याचा पल्ला आणखी घटतो, कारण माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानात फरकच थोडा उरतो. शिवाय बीमच्या पलीकडचं त्याला दिसत नाही, म्हणून प्रत्येक खणाला वेगळा लागतो. मायक्रोवेव्ह सेन्सर उष्णतेवर अवलंबून नसतो, पण पातळ भिंतीपलीकडचंही पकडतो. रस्त्यालगतच्या पार्किंगमध्ये बाहेरच्या प्रत्येक रिक्षाला दिवे पूर्ण पेटतात.

पाथर्डी फाट्याला तेच झालं. मुख्य रस्त्याच्या बाजूचे चार सेन्सर रात्रभर पेटलेलेच राहायचे. त्यांची संवेदनशीलता निम्म्यावर आणली, दोन सेन्सर रस्त्यापासून एक खण आत सरकवले. ३६ बॅटन रोज बारा तास जळायचे तेव्हा महिन्याला २६० च्या आसपास युनिट जायचे. आता २४ बॅटन, रात्री अकरानंतर सेन्सरवर, साधारण १०५ युनिट. पंप आणि लिफ्ट त्याच मीटरवर असल्यामुळे बिल घरगुती दराच्या वरच्या टप्प्यात जातं आणि वाचलेलं प्रत्येक युनिट त्या महागड्या टप्प्यातलं असतं. सेक्रेटरी ताईंनी त्या पैशातून काँक्रीटच्या ठोकळ्यांना पिवळा रंग आणि चमकणारी पट्टी लावून घेतली. आजी आता संध्याकाळी पार्किंगमधूनच फेऱ्या मारतात. मी दर सहा महिन्यांनी जाऊन त्याच खडूच्या खुणांवर परत मोजतो. धूळ बसून सरासरी ३० च्या खाली आली, की आधी कव्हर ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगतो आणि मगच पुढचं काही बघतो.